नव्या गाडीला ऑइल पातळ की जाड? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाड्यांसाठी

सर्व्हिसिंगची वेळ आली की आपल्याकडे दोन सल्ले हमखास कानावर येतात. शोरूमवाला मुकाट्याने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल ओततो. गल्लीतला मिस्त्री तेच ऑइल डिपस्टिकवरून बोटावर घेऊन चोळतो आणि म्हणतो, "हे पाणी हाय की हो, आपल्या उन्हाला टिकतंय होय? पुढच्या बारीला २०डब्ल्यू-५० घालू." मिस्त्री खोटं बोलत नाही. मारुती ८००, अँबॅसिडर आणि जीपच्या काळात त्याचा सल्ला बरोबरच होता. आता इंजिन बदललंय. शिवाय बोटावर कळतो तो गार ऑइलचा जाडपणा. चालत्या इंजिनात ऑइल कसं वागतं, ते बोटाला कळत नाही.

ऑइल काकवीसारखं असतं, गार झालं की दाटतं आणि तापलं की पळतं. ०डब्ल्यू-२० चाळीस अंशांना साधारण ४५ सेंटिस्टोक (जाडपणाचं माप) असतं आणि शंभर अंशांना आठच्या आसपास उतरतं. २०डब्ल्यू-५० चाळीस अंशांना दीडशेच्या पुढे आणि शंभरला अठराच्या आसपास. म्हणजे सकाळी चावी फिरवता तेव्हा "पाणी" म्हणून हिणवलेलं ऑइलसुद्धा इंजिनाला हवं त्याच्या पाचपटीहून जास्त दाट असतं.

आता उन्हाचं. इंजिनातला थर्मोस्टॅट कूलंटला (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याला) नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर डिसेंबरातली खानापूरची पहाट असो की एप्रिलातली चिक्कोडीची दुपार. ऑइल तापतं ते मुख्यतः इंजिनावरच्या ओझ्याने. भरलेली गाडी, एसी फुल आणि दुसऱ्या गिअरमध्ये चोर्ल्याचा चढ, अशी गाठ पडली की ते नेहमीपेक्षा बरंच वर जातं. म्हणून आपल्याकडे ऊन किती, यापेक्षा गाडी कुठे आणि कशी चालते हे आधी विचारावं.

पहिला आकडा: ०, ५ की २०?

यावर फार वेळ घालवू नका. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. ०डब्ल्यूची थंडीतली चाचणी उणे ३५ अंशांना होते, ५डब्ल्यूची उणे ३०ला आणि २०डब्ल्यूची उणे १५ला. आपल्याकडे पारा दहा-बाराच्या खाली क्वचितच उतरतो, त्यामुळे ० आणि ५ यांतला फरक बेळगावात जाणवणार नाही. ५ आणि २० यांतला मात्र जाणवतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत दाट ऑइल टायमिंग चेनच्या टेन्शनरपर्यंत आणि हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं, आणि पहिले काही सेकंद येणारी कडकड तिथलीच असते.

दुसरा आकडा: २० की ३०?

नव्या पेट्रोल गाडीवाल्यांचा खरा पेच इथे आहे. ऑइल शंभर अंशांना ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असेल तर ते २०, ९.३ ते १२.५ असेल तर ३०. पण बेअरिंगमध्ये ऑइल दीडशे अंशांपर्यंत तापून प्रचंड वेगाने घासलं जातं आणि तिथला टिकाव वेगळा मोजतात. त्या मापाला एचटीएचएस म्हणतात. २०साठी ते किमान २.६ लागतं, ३०साठी २.९.

कंपन्या पातळ ऑइलकडे वळल्या त्याचं मोठं कारण मायलेज आहे. भारतात इंधन-वापराचे नियम २०१७-१८पासून लागू झाले आणि २०२२मध्ये आणखी कडक झाले. पातळ ऑइलने शंभर लिटरमागे एखाद-दोन लिटर इंधन वाचतं. ग्राहकाला ते फारसं दिसत नाही, पण लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला दिसतं. तरी यावरून "कंपनी स्वतःसाठी इंजिन मारते" असा अर्थ काढू नये. या इंजिनांचे ऑइल पंप, बेअरिंगची रुंदी आणि व्हॉल्व्ह टायमिंगच्या बारीक ऑइल-वाटा त्या पातळपणाला धरूनच बनवलेल्या असतात. तिथे ५० घातलं तर पंपाचा दाब वाढलेला दिसतो, पण रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) लवकर उघडून बरंचसं ऑइल परत मागे फिरतं. दाब जास्त म्हणजे पुरवठा जास्त, असं नसतं.

माझं मत असं. टिळकवाडी ते खडेबाजार, फार तर उद्यमबागेतली नोकरी, एवढंच गाडीचं जग असेल आणि मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलं असेल, तर तेच घाला. जवळच्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापतच नाही, त्यामुळे दाट ऑइलचा फायदा शून्य आणि तोटा रोजचा. पण दर शनिवारी पाच माणसं घेऊन गोवा, महिन्यातून दोनदा आंबोली, आणि मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३०ही चालेल असं लिहिलेलं, तर मी ३० घेईन. टोयोटाच्या काही मॅन्युअलमध्ये जास्त वेग किंवा जास्त ओझं असेल तर थोडं दाट ऑइल बरं पडू शकतं, असं कंपनीनेच लिहिलंय. मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड असेल आणि वॉरंटी चालू असेल, तर प्रयोग नको.

५डब्ल्यू-३० विरुद्ध ५डब्ल्यू-३०

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. दोन डब्यांवर आकडा एकच, आतलं ऑइल वेगळं. एपीआय एसपी (अमेरिकन दर्जा) लिहिलेलं इंधन-बचतीचं ५डब्ल्यू-३० एचटीएचएसमध्ये बहुतेक तीनच्या आसपास असतं. एसीईए सी३ (युरोपीय दर्जा) लिहिलेल्या ५डब्ल्यू-३०ला किमान ३.५ लागतं, म्हणजे कामाच्या जागी ते ५डब्ल्यू-४०च्या बरोबरीला बसतं. डब्याच्या पुढचा मोठा आकडा बघून घेतलंत तर अर्धीच माहिती घेतलीत. मागची बारीक अक्षरं वाचा. टर्बो पेट्रोल असेल तर एसपी किंवा त्यानंतरचा दर्जा हवाच. २०२०मध्ये आलेल्या एसपी दर्जात, कमी आरपीएमवर जोर लावताना इंधन वेळेआधी पेटण्याचा जो प्रकार होतो, त्याविरुद्धची चाचणी आहे. काही इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजत फिरतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या नेमक्या दर्जापलीकडे काहीही घालू नका.

डिझेलवाल्यांसाठी

ऊसवाल्यांच्या घरी ट्रॅक्टरचा १५डब्ल्यू-४०चा डबा असतोच. बीएस६च्या आधीच्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या जीपगाडीला मॅन्युअलची परवानगी असेल तर तो चालून जाईल. एप्रिल २०२०नंतरच्या डीपीएफ असलेल्या कारला तो नको. अडचण जाडपणाची नाही, राखेची आहे. ट्रॅक्टरच्या ऑइलमधली धातूयुक्त रसायनं जळून राख होते आणि ती फिल्टरमध्ये कायमची बसते. काजळी जळून जाते, राख जात नाही. सी२, सी३ दर्जात राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांवर बांधलेलं आहे.

डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. फक्त गावात फिरणाऱ्या गाडीत फिल्टर स्वच्छ करण्याची प्रक्रिया अर्धवट तुटते आणि त्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. ३०चं ऑइल मग २०सारखं वागू लागतं. त्यावर उपाय जाड ऑइलचा नाही. ऑइल बदला आणि अधूनमधून गाडी हायवेला घेऊन हत्तरगी टोलनाक्यापर्यंत एका लयीत पळवून आणा. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे रांगत गेलात तर मात्र ती फेरी फुकट.

जुनी गाडी

लाखभर किलोमीटर झालेत आणि दोन सर्व्हिसिंगच्या मधे लिटरभर ऑइल जातंय? तर ३०वरून ४०वर जाणं शहाणपणाचं आहे, पण ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूवालंच. आधी गळती कुठे आहे का ते बघा. वॉशरमधून थेंब पडत असतील तर जाड ऑइल घालून ते थांबत नाहीत. अशा गाडीतही २०डब्ल्यू-५० मी शेवटचा पर्याय धरतो.

आणि जांबोटीच्या पुढे ऑइलचा दिवा लागला, तर ग्रेड जुळवत बसू नका. आधी गाडी थांबवून इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा. पातळी खाली असेल तर जवळच्या दुकानात जे चारचाकीचं ऑइल मिळेल ते अर्धा लिटर घाला. दिवा विझला तर पुढे जा आणि परतल्यावर सगळं बदलून घ्या. विझला नाही, तर टो करणाऱ्याला बोलवा.