हिरवी बाटली, ८,७०० रुपये आणि पांढरे पडलेले कोरल

माझ्या समुद्री टँकमधले कोरल पांढरे पडले, आणि त्यांचा रंग परत आणतो म्हणणाऱ्याने मला फसवलं. आधी रक्कम सांगतो. 'जिवंत झूझँथेली'च्या (कोरलच्या आत राहून त्याला रंग देणारं सूक्ष्म शेवाळ) बाटलीचे ४,८५०, 'अॅक्टिव्हेटर'चे ३,२००, कुरिअरचे ६५०. एकूण ८,७०० रुपये, सगळे यूपीआयने. बिल मागितलं नाही. तुम्ही आधी बिल मागा, पैसे नंतर.

सोलापूरचा मे महिना, बाहेर ४३ अंश. वीज चार तास गेली, पाणी थंड ठेवणारा चिलर बंद, टँकचं पाणी ३१.५ वर. माझे कोरल सगळे मऊ जातीचे: लेदर, मशरूम आणि झोआ. तीन दिवसांत लेदर फिकट पडला, मशरूम काचेसारखे पारदर्शक झाले, झोआ मिटल्या त्या उघडेनात. बाटली विकणाऱ्याने खारटपणा विचारला, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) विचारली, लाइटचे तास विचारले. असं विचारणारा माणूस कुणालाही जाणकारच वाटला असता. मग म्हणाला, "सर, रंग देणारं शेवाळ निघून गेलंय, ते परत घालू. दहा दिवसांत रंग." यातलं शेवाळ निघून गेल्याचं खरं आहे, म्हणूनच गळ लागला.

बाटली आली ती पोपटी, मटार उकडलेल्या पाण्यासारखी. तिथेच हात थांबायला हवा होता. झूझँथेली सोनेरी-तपकिरी असतात. निरोगी लेदरला तपकिरी छटा येते ती त्यांच्यामुळेच. हे मला माहीत होतं! ट्यूबलाइटसमोर बाटली धरली, हलवली, आणि 'घट्ट असेल म्हणून हिरवं दिसतंय' अशी स्वतःचीच समजूत घातली. त्या क्षणाची चीड अजून जात नाही. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दोन-तीन मायक्रॉनचे हिरवे ठिपके. झूझँथेली साधारण दहा मायक्रॉनच्या असतात. म्हणजे रॉटिफर या सूक्ष्म जीवांना खायला घालायचं साधं हिरवं शेवाळ, फायटो.

१२० लिटरच्या टँकमध्ये रोज ५० मिली घालायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ, फॉस्फेट ०.०६ वरून ०.४०, पहाटे क्लाउनफिश वर येऊन धापा टाकतायत. फोन केला तर म्हणाला, अॅक्टिव्हेटर घ्या. तो चिकट, गोड वासाचा. जिवाणूंना साखर मिळाली की ते झपाट्याने वाढतात आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. दोन झोआ कॉलनी त्यातच गेल्या, उष्णतेने नाही.

पैसे परत मागितल्यावर त्याने धमकी दिली, "कोरल ठेवता, वनखात्याला कळवू का?" याला घाबरू नका, पण कायदा माहीत हवा. दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, ते कुणी विकत असेल तर हातही लावू नका. माझ्याकडे लेदर, मशरूम, झोआ एवढंच. तरी आठ दिवस मी गप्प बसलो, आणि तेवढ्यात त्याने नंबर बंद केला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली. ती पोलीस ठाण्याकडे गेली, ठाण्याने मला बोलावलं, आणि साहेबांनी विचारलं, "फुलं होती का मासे?" तीनदा समजावून सांगितलं. कागदावर लिहिलं, 'शोभेचे दगड'. मग म्हणे, तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हा दिवाणी मामला. बँकेत गेलो, तेही म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाला म्हणतो, पाठवणाऱ्याचा पत्ता द्यायचा नियम नाही. पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब बदलून गेलेले, नवे म्हणाले, अर्ज पुन्हा नव्याने करा. आठ हजारांचा माणूस म्हणजे कुणीच नाही का? रक्कम लहान ठेवणं हाच तर त्याचा धंदा आहे! शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे मला एकाही खिडकीवर कुणी सांगितलं नाही.

आता कोरलचं. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे. मांस घट्ट असेल, स्पर्शाने आकसत असेल तर तो जिवंत आहे, आणि आत उरलेलं थोडं शेवाळच पुन्हा वाढतं. त्याला बाटली लागत नाही, आठवडे लागतात, कधी महिने. पाणी २५-२६ वर आणा, पण दिवसाला एका अंशाहून जास्त उतरवू नका. चिलर नसेल तर पंखा पाण्यावर तिरका लावा. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो दोन-तीन अंश सहज खाली आणतो. त्याने पाणी मात्र भराभर उडतं. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याची, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य असलेल्या. उजनीचं नळाचं पाणी सरळ ओतू नका.

लाइट ३०-४० टक्क्यांवर आणा, पुढे आठवड्याला पाच टक्के वाढवा. घाईने लाइट वाढवला की सावरलेला कोरल पुन्हा पांढरा पडतो. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (तिचं माप), नायट्रेट ५-१० पीपीएम. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेऊ नका, उपाशी कोरल सावरत नाही. झोआंना आठवड्यातून दोनदा आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी) ताजी पिल्लं द्या, पंप पंधरा मिनिटं बंद ठेवून. जागा बदलत राहू नका. आयोडीनमध्ये बुडवू नका.

लेदरच्या कडेला सहाव्या आठवड्यात पुसट तपकिरी रेघ दिसली. बाटलीत उरलेलं ४० मिली लेबलसकट सील करून ठेवलंय, आयोगापुढे ठेवायला. तुमच्याकडे अशी बाटली असेल तर ओतून टाकू नका.