तोल सावरण्याचा वर्ग : आईसोबतचे तीन महिने

माझी आई 68 वर्षांची आहे. पुण्यातल्या पीएमपीच्या बसमधून उतरताना शेवटच्या पायरीवर तिचा दोनदा तोल गेला आणि त्यानंतर तिने एकटीने बाहेर पडणेच सोडले, म्हणून कोथरूडमधील एका फिजिओथेरपी केंद्राच्या तोलाच्या वर्गात आम्ही तिचे नाव घातले. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तासाचा वर्ग.

पहिल्या दिवशी फक्त तपासणी झाली. खुर्चीतून उठून, तीन मीटर चालून, वळून परत येऊन बसायला आईला 15 सेकंद लागले. 12 सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका धरला जातो.

पोटाचा आतला आडवा स्नायू, कण्यालगतचे लहान स्नायू, श्वासपटल आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मिळून धड स्थिर ठेवतात, म्हणून वर्गाची सुरुवात ब्रिज (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे) आणि बर्ड-डॉग (हात-गुडघ्यांवर राहून एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय लांब करणे) या व्यायामांनी होते. पण तोल डोळे, आंतरकर्ण आणि तळपायांकडून येणाऱ्या संवेदनांवरही अवलंबून असल्याने केवळ धड बळकट करून भागत नाही, हे ओळखून उरलेला सगळा वेळ उभ्याने करायच्या व्यायामांना दिला जातो, आणि मला या वर्गाचे खरे मोल त्यातच वाटते. फोम पॅडवर उभे राहिल्यावर आईच्या पायाची बोटे पॅड घट्ट धरू पाहत आणि घोटे थरथरत. ‘‘काकू, पायाकडे नको, समोर खिडकीकडे बघा, आणि श्वास रोखू नका,’’ असे फिजिओथेरपिस्ट ताई दर वेळी शांतपणे सांगत.

तीन महिन्यांनी तेच अंतर आई 11 सेकंदांत चालली. चाचणी सवयीची झाल्याचा थोडा वाटा त्यात असेलही. परंतु परकर घालताना तिला आता पलंगाचा आधार लागत नाही, हा बदल मी रोज पाहते.

संध्याकाळच्या तुकडीबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. दहा जणांमागे एकच फिजिओथेरपिस्ट असताना डोळे मिटून उभे राहण्याचा व्यायाम घेतला गेला, आई मागे कलली आणि मी जवळ होते म्हणूनच ती सावरली. या व्यायामाच्या वेळी प्रत्येकाच्या हाताशी माणूस असायलाच हवा. आम्ही सकाळची पाच जणांची तुकडी घेतली. तीच घ्यावी, आणि चक्कर येत असेल तर नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.