शिडाच्या होडीचे निवासी शिबिर: जळगावच्या पालकाचा अभिप्राय

तापीकाठच्या मुलांना नदी ओळखीची असली तरी समुद्र परकाच असतो. म्हणून लेकीला जळगावहून मुंबईच्या शिबिराला पाठवताना आम्ही साशंक होतो. तेथे १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ ही सुमारे २.३ मीटर लांबीची, एकाच शिडाची होडी वापरतात, आणि तिच्यात मूल एकटेच बसत असल्यामुळे सुकाणू, शिडाचा दोर आणि निर्णय ही तिन्ही त्याच्याच हाती राहतात. वाऱ्याच्या थेट समोर होडी जात नाही, तिला नागमोडी न्यावे लागते, हे उमजल्यावर लेकीचा धीर खरोखर वाढला. उलटलेली होडी स्वतः सरळ करण्याचा सराव आधीच करून घेतात, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे. दूरच्या पालकांना मात्र रोजची खुशाली वेळेवर कळत नाही; ही व्यवस्था सुधारायलाच हवी.