सिल्की कोंबड्या : दीड वर्ष सांभाळल्यावर

आधी निकाल सांगते, मग तपशील. अंड्यांसाठी सिल्की पाळू नका, पैशांसाठी तर अजिबात नको. पण घरामागं बंदिस्त परडं असेल, दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास त्यात घालवायची हौस असेल आणि बाकीच्या कोंबड्यांची अंडी उबवायला हक्काची खुडूक हवी असेल, तर हिच्या तोडीची दुसरी जात मी पाहिलेली नाही.

आमचं घर सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. सासूबाईंच्या गावरान कोंबड्या परड्यात आधीपासून होत्याच. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यात मी सिल्कीचा एक नर आणि तीन माद्या आणल्या. सासूबाईंनी डालग्यावरचं पोतं बाजूला केलं, वाकून बघितलं आणि विचारलं, "ह्यास्नी पिसं न्हाईत व्हय गं?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. साध्या पिसाचे धागे बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून पीस सपाट राहतं आणि पाणी झटकतं. सिल्कीच्या पिसात हे आकडेच नसतात. प्रत्येक धागा सुटा, त्यामुळं अंग फुललेलं आणि मऊ दिसतं, पण पंख असून उडता येत नाही. तेराव्या शतकात चीनमध्ये फिरलेल्या मार्को पोलोनंही मांजरासारखी लव असलेल्या काळ्या कोंबड्यांची नोंद केली आहे. आमच्या शेजारची पोरं आपणहून त्यांना 'मनीकोंबडी' म्हणायला लागली. लवीखाली कातडी काळी, हाडं काळी, कानाच्या पाळ्या निळसर, पायांवरही पिसं आणि चाराऐवजी पाच बोटं.

खरेदीबद्दल दोन गोष्टी. "बोटं मोजा, पाच असली की अस्सल" हा सल्ला सगळीकडं मिळतो, तो अर्धाच खरा आहे. गावरानशी संकर झालेल्या पिलांतही पाचवं बोट आणि डोक्यावरचा झुपका बहुधा उतरतोच. रेशमी पीस मात्र आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. तेव्हा पंख उघडून बघायचा. अस्सल सिल्कीची पंखातली पिसंसुद्धा विसकटलेली असतात, ताठ आणि सलग दिसली की समजायचं भेसळ आहे. दुसरं म्हणजे दोन महिन्यांच्या पिलांची 'जोडी' घेऊ नका. त्या वयात सिल्कीचा नर-मादी खात्रीनं ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पाचव्या-सहाव्या महिन्यात नराच्या झुपक्यातून मागं लांब दशा सुटतात, मादीचा गोल राहतो. तरी खरी खात्री आरवल्यावर किंवा अंडं दिसल्यावरच. आम्ही जास्त पैसे मोजून मोठे पक्षी घेतले, ते परवडलं.

आता पाऊस. सिल्की घ्यायची की नाही, हे माझ्या मते या एकाच गोष्टीवर ठरवावं.

मे महिन्यात वळवाची पहिली सर आली तेव्हा गावरान कोंबड्या क्षणात गोठ्यात पळाल्या. सिल्की होत्या तिथंच उभ्या. झुपका डोळ्यांवर आलेला, पुढचं धड दिसत नाही, आणि पाणी थेट कातडीपर्यंत गेलेलं. उचलून आत आणल्या तर एरवी एवढ्या गुबगुबीत दिसणाऱ्या पक्ष्याचं खालचं अंग किती किरकोळ आहे ते दिसलं. नुसतं पुसून भागत नाही, कारण लव पाणी धरून ठेवते. टॉवेलनं टिपून मग केस वाळवायचं मशीन मंद आचेवर, हातभर लांबून फिरवावं लागलं. काळी मादी पहिल्या मिनिटाला फडफडली आणि नंतर डोळे मिटून मांडीवर बसून राहिली. ओल्या अंगानं रात्र काढली असती तर सकाळी ती जिवंत सापडली नसती.

त्यानंतर सगळ्या धावजागेवर, म्हणजे खुराड्याबाहेरच्या फिरायच्या जागेवर, पत्रा टाकून घेतला, पश्चिमेला ताडपत्री लावली, आणि खुराड्याची जमीन विटांनी चार बोटं उचलली. सिल्की दांडीवर चढून झोपत नाही, जमिनीवरच एकमेकींना चिकटून ढीग करून झोपते. म्हणून खालचं भाताचं तूस कोरडं असणं गावरानपेक्षा हिला फार महत्त्वाचं. आषाढात एक दिवसाआड तूस हलवायचं, ओलं काढून टाकायचं, थोडा चुना मिसळायचा. एवढं करूनही पायांवरच्या पिसांत चिखल अडकतोच आणि बोटांवर त्याच्या कडक गोळ्या होतात. त्या ओढून काढायच्या नाहीत, नख निघून येतं. कोमट पाण्यात पाय भिजवले की सुटतात. ओल्या तुसात पिलांना रक्ती हगवण लागते ती वेगळीच. पिलू मलूल होऊन पिसं फुगवून उभं दिसलं आणि विष्ठेत रक्त दिसलं, तर संध्याकाळची वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठायचा.

उन्हाळा त्या मानानं सोपा गेला. पारा चाळिशीला टेकला की दुपारी चोची उघडून धापा टाकतात. सावली, जाळीवर ओली पोती आणि दिवसातून दोन-तीनदा बदललेलं गार पाणी एवढ्यावर निभावलं. अंगावर पाणी मारायचं नाही, पाय बुडतील एवढं उथळ ताट ठेवायचं. पाण्यासाठी निपल (चोच लावली की थेंब सोडणारी तोटी) लावलेली बादली घ्या. उघड्या भांड्यात पितात तेव्हा झुपका भिजतो आणि त्याला खाद्य चिकटून वास येतो.

डोकं हा या जातीचा नाजूक भाग. झुपक्याखाली कवटीला उंचवटा असतो आणि पुष्कळदा तिथलं हाड पूर्ण मिटलेलं नसतं. तिथं जोराची चोच बसली तर मेंदूला इजा होते आणि मान वाकडी होते. आमच्या एका तलंगीला, म्हणजे तरण्या कोंबडीला, गावरान कोंबड्यानं टोचलं. दुसऱ्या दिवशी ती मान उलटी करून आभाळाकडं बघत गोल फिरत होती. सासूबाई म्हणाल्या, मानमोडी आली, सगळ्या जाणार. ही शंका घ्यायलाच हवी, कारण मानमोडीतही, म्हणजे राणीखेतमध्ये, मान अशीच वळते. पण त्या रोगात सहसा बरेच पक्षी एकदम पडतात, हिरवट हगवण असते, श्वासाला घरघर असते. इथं एकटीच आजारी आणि बाकी सगळ्या खात-पीत होत्या. तरी वेगळी ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली. त्यांनी ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमचं औषध दिलं. हातानं भरवावं लागलं, पण सावरली. तेव्हापासून गावरान आणि सिल्कीत जाळी आहे.

लसींचं वेळापत्रक गावरानसारखंच : पहिल्या आठवड्यात लासोटा, म्हणजे मानमोडीची लस, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो या रोगाची, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, पुढं देवीची लस. अडचण अशी की बाटली शे-दोनशे पक्ष्यांची येते, बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आम्ही गल्लीतल्या चार घरांचा एक दिवस ठरवलाय, एकच बाटली फिरते. मॅरेक्स नावाच्या रोगाला सिल्की लवकर बळी पडते. त्याची लस पिलू निघाल्या दिवशीच द्यायची असते आणि घरच्या पिलांना ती सहसा मिळतच नाही. एक पाय पुढं, एक मागं टाकून पिलू लोळायला लागलं तर तो रोग असू शकतो.

झुपक्यात आणि शेपटीखालच्या लवीत उवा होतात. चुलीची राख आणि बारीक माती यांची एक पाटी कायम भरून ठेवली की त्या स्वतःच लोळून घेतात. डोळ्यांवरची लव महिन्यातून एकदा कात्रीनं कापायची. प्रदर्शनवाले कापत नाहीत. आपल्याला कोंबडीला दिसण्याशी मतलब.

आणि आता ज्यासाठी एवढं सगळं सोसायचं ते.

सिल्की वर्षाला शंभरच्या आसपास अंडी देते, तीही लहान, सायीच्या रंगाची. कारण दहा-बारा अंडी झाली की बाई खुडूक. अंडी काढून घेतली तरी रिकाम्या जागेवर बसते. गावाकडं खुडूक मोडायला कोंबडी पाण्यात बुचकळतात, तो उपाय हिच्यावर करू नका, का ते वर सांगितलंच आहे. खालून वारा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवलं की उतरते. पण आम्ही मोडतच नाही. गावरान कोंबडी कधी खुडूक होईल याची वाट बघत बसायचे दिवस संपले. आता सासूबाईच विचारतात, "तुझ्यातली कुठली बसलीया?"

टोपलीत राख, वर तूस, मध्ये खळगा. सासूबाई त्यात एक लोखंडी खिळा ठेवतात, विजांनी अंडी बिघडू नयेत म्हणून. ठेवू देते, अंड्यांना त्याचा त्रास नाही. रात्री अंधारात गावरानची सहा-सात अंडी पोटाखाली सरकवायची, याहून जास्त तिच्या अंगाखाली मावत नाहीत. सातव्या रात्री मोबाइलची बॅटरी लावून बघायचं. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नितळ दिसलं तर काढायचं. सिल्कीची स्वतःची अंडी सुरुवातीला बरीच वांझ निघायची. नर-मादी दोघांची मागची लव कात्रीनं आखूड केल्यावर फळलेल्या अंड्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलं.

बसलेली सिल्की एवढी गुंतते की खायचंही विसरते. रोज सकाळी मी तिला दोन्ही हातांनी उचलून दाण्यापाशी ठेवते. ती खाते, पाणी पिते, एकदाच भलीमोठी घाण करते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जागेवर. एकविसाव्या दिवशी पिलं निघतात. त्या दिवसापासून पहिले चार-पाच दिवस पोटाखाली रोज हात घालून बघाच. लवीचे लांब धागे पिलाच्या पायाला किंवा मानेला गुंडाळतात. एका पिलाची तंगडी अशी आवळली होती की पंजा निळा पडायला लागलेला. नखं कापायच्या कात्रीनं एकेक धागा तोडला, आणि तोवर ती माझ्या मनगटावर टोचत होती. एरवी कुणीही मांडीवर घ्यावं इतकी गरीब. गावरान पिलं महिन्याभरात भिंतीवर उडून बसतात आणि ही खाली उभी राहून क्लक्-क्लक् करत बोलावत राहते.

रंगांचा नाद लागला तर थोडा हिशेब लक्षात ठेवा : निळ्याला (म्हणजे निळसर राखाडी पक्ष्याला) निळा लावला तर सरासरी निम्मी पिलं निळी, पाव काळी, पाव ठिपकेदार पांढरट. सगळी निळी हवी असतील तर काळा आणि ठिपकेदार अशी जोडी लावायची. मी अजून पांढऱ्या-काळ्यातच आहे.

धंद्याचं विचाराल तर आमच्या भागात 'काळी कोंबडी' म्हटलं की लोकांना 2019 चा कडकनाथ घोटाळा आठवतो. पक्षी आम्ही देतो, अंडी-पिलं आम्हीच परत घेतो, या शब्दावर हजारो शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले होते. कडकनाथ जातीचा यात काही दोष नव्हता. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या त्या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिल्कीतही कुणी परत खरेदीची हमी देऊन संच विकायला आला तर दारातूनच परत पाठवा. हौशी गिऱ्हाइकं असतात, पण वर्षाला मोजकी, आणि त्यांना माद्या हव्या असतात.

म्हणजे नरांचं काय, हा प्रश्न उरतो. निम्मी पिलं नर निघतात. चीनमध्ये या जातीचा रस्सा बाळंतिणीला देतात, पण आमच्या घरात ते काळं मटण शिजवायला कुणी तयार नाही आणि पहाटे चारला तिघं एकदम आरवले की शेजारी ऐकवतात. एका खुराड्यात दोन नर ठेवले तर डोक्यावर टोचाटोची होते, त्यामुळं वेगळ्या जाळ्या, वेगळी भांडी, वेगळी साफसफाई. सध्या माझ्याकडं पांढरे दोन आणि काळा एक असे जादा नर आहेत, तिघांनाही लसी दिलेल्या. पत्रा टाकलेली जागा असेल त्याला फुकट देईन. सोबत मादी मागू नका.