नऊ महिने रोज वापरलेलं सिंगरचं हातमशीन (मॉडेल २८, १९०० च्या आधीचं)

ऑक्टोबरमध्ये इथे ग्लासगोत एका चॅरिटी शॉपमध्ये ३० पाउंडाला घेतलं. लाकडी पेटीसकट होतं, पेटीची किल्ली नव्हती, आणि चाक इंचभरसुद्धा फिरत नव्हतं. आता नऊ महिने झाले, आठवड्यातून चार-पाच दिवस तरी त्याच्यावर बसतो, त्यामुळे आता नीट लिहावं असं वाटलं, कारण घेताना मी मराठीत खूप शोधलं पण हातमशीन वापरणाऱ्या माणसाने लिहिलेलं काही सापडलं नाही.

थोडं माझ्याबद्दल. वडील मिरजेत टेलर, चाळीस वर्षं पायमशीन चालवलं, आणि मी त्या दुकानात लहानाचा मोठा होऊन सुद्धा कधी शिवायला बसलो नाही. दोऱ्याची रिळं आणून देणं, काजं-बटनं करून घेऊन येणं एवढंच माझं काम. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यातली अर्धी अक्कल अण्णांची आहे, व्हिडिओ कॉलवर मिळालेली.

मशीन कधीचं हे नंबरावरून कळतं. सिंगरच्या नंबराआधी इंग्रजी अक्षर साधारण १९०० पासून यायला लागलं, माझ्या मशीनवर नुसता आकडा आहे, म्हणजे राणी व्हिक्टोरिया जिवंत असतानाचं. बनलंय इथून जवळच, क्लाईडबँकला. सिंगरचा तिथला किलबोवीचा कारखाना १८८५ च्या सुमाराला पूर्ण झाला आणि १९८० ला बंद पडला, १९१३ साली तिथे एका वर्षात १३ लाखांहून जास्त मशीनं तयार झाली होती. आता कारखाना नाही, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून सिंगरच आहे.

आता पहिला महिना, कारण ज्यांना असं मशीन घ्यायचंय त्यांची खरी परीक्षा तिथेच आहे. चाक फिरत नाही म्हणजे मशीन बिघडलंय असं समजून लोक सोडून देतात, दुकानातल्या बाईंनी पण मला शोभेची वस्तू म्हणूनच विकलं. अण्णांना फोनवर दाखवलं तर ते म्हणाले, "तेल वाळलंय त्यातलं. मोडलं असतं तर चाक हललं असतं आणि सुई हलली नसती. रॉकेल सोड." रॉकेल इथे पॅराफिन म्हणून मिळतं. जिथे जिथे तेलाचं भोक आहे तिथे दोन-दोन थेंब, मशीन आडवं करून खालच्या सगळ्या सांध्यांना, मग रात्रभर तसंच, सकाळी हेअर ड्रायरने गरम करून चाक हलकेच मागे-पुढे. जोर नाही लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी पाव फेरा फिरलं, संध्याकाळी पूर्ण फिरलं, आणि आतून काळपट तपकिरी चिकट पाणी बाहेर आलं, जुनं तेल वार्निशसारखं झालं होतं. मग ते सगळं पुसून शिलाई मशीनचं पातळ तेल. एवढंच. एकही पार्ट बदलावा लागला नाही, फक्त बॉबिन (खालच्या दोऱ्याचं रीळ) भरायच्या यंत्राची रबरी रिंग दगड झाली होती ती नवी टाकली.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. काळा रंग आणि त्यावरची सोनेरी नक्षी यावर स्पिरिट लावू नका. वरचं कोटिंग लाखेचं असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी मागच्या बाजूला नखाएवढ्या जागेवर लावून बघितलं, तेवढा भाग लगेच धुरकट झाला तो अजून तसाच आहे. नक्षी पुसायला मशीनचंच तेल आणि मऊ सुती फडकं पुरतं.

मशीन चालतं कसं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याकडच्या दुकानातल्या मशीनला गोल बॉबिन आणि डबी असते. इथे तसं नाही. बॉबिन लांबट, बारीक दांडी आणि दोन टोकांना चकत्या, ती बसते एका शटलमध्ये, आणि शटल बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार. सुई कापडातून खाली जाते, जराशी वर उचलते, तेवढ्यात दोऱ्याचा फुगा होतो, आणि त्या फुग्यातून ते अख्खं शटल बॉबिनसकट आरपार निघून जातं. खालचा दोरा वरच्यात अडकला, टाका बसला. शटल एका दांड्याच्या टोकावर बसून झोपाळ्यासारखं मागे-पुढे झोके घेतं, म्हणून या प्रकाराला व्हायब्रेटिंग शटल म्हणतात. त्याआधीच्या घरगुती सिंगरमध्ये शटल सरळ रेषेत खोबणीतून घासत जायचं, झोक्यामध्ये ते घासणं बरंच कमी झालं. वरची सरकती पट्टी उघडून हे चालताना बघता येतं. मी पहिल्या आठवड्यात शिवण्यापेक्षा हेच जास्त बघितलं, माझी साडेचार वर्षांची मुलगी अजूनही स्टूल घेऊन येते आणि "बोट दाखव" म्हणते, तिच्या लेखी ते शटल म्हणजे होडी.

हे पेटंटचं प्रकरण पण मला वाचता वाचता फार आवडलं. १८५० च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनवाल्यांची एकमेकांवर इतके खटले झाले की १८५६ ला मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली आणि बाकी सगळ्यांकडून लायसन्सचे पैसे घ्यायला लागले. १८७७ ला त्यातलं शेवटचं मोठं पेटंट संपलं. बाजार सगळ्यांना मोकळा झाला, किमती उतरल्या, आणि मग नवीन काहीतरी काढणं भाग पडलं, आणि त्या धांदलीत १८८० च्या दशकाच्या मध्यावर सिंगरची ही झोकेवाली मशीनं आली. त्यातलं दुसरं मॉडेल, ज्यावरून पुढे २७ आणि २८ तयार झाली, ते फिलिप डील नावाच्या जर्मनीहून आलेल्या इंजिनिअरचं. याच माणसाने शिलाई मशीनच्या विजेच्या मोटरला पाती लावून ती छताला टांगली आणि सीलिंग फॅनचं पेटंट घेतलं. अण्णांच्या दुकानात वर पंखा आणि खाली मशीन, दोन्हीमागे एकच माणूस निघाला, हे त्यांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, नंतर म्हणाले नाव परत सांग.

आता प्रत्यक्ष शिवणं. हँडल उजव्या हाताने फिरवायचं, एका फेऱ्यात सुई तीनदा खाली येते (मी मोजलं). म्हणजे कापड सांभाळायला फक्त डावा हात. हीच या मशीनची खरी किंमत, हे घेण्याआधी समजून घ्या. सरळ टीप, पडदे, उशीचे अभ्रे, पिशव्या, पँट उंचीला कमी करणं यात एक हात पुरतो. बाही बसवताना, गळ्याची गोलाई शिवताना डाव्या हाताला दोन हातांचं काम करावं लागतं, आणि ते यायला मला तीन महिने लागले. अण्णांनी उपाय सांगितला तो साधा, आधी हाताने कच्चा टाका घालून घे, मग मशीनवर घे. टाचण्या नको, कच्चा टाकाच. वेळ दुप्पट लागतो पण उसवावं लागत नाही.

बदल्यात ताबा मिळतो. विजेच्या मशीनवर पाय जरा जास्त पडला की गाडी सुटते, इथे तसं होतच नाही, शेवटचा एक टाका हवा असेल तर एकच टाका घेता येतो, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड वळवता येतं. ज्याला कधीच शिवता येत नव्हतं अशा माणसाला हेच मशीन योग्य, हे माझं ठाम मत झालंय. मी आधी एक स्वस्तातलं नवीन मशीन घेतलं होतं, प्लॅस्टिकचं, त्याच्यावर मी इतका घाबरायचो की दोन महिन्यात देऊन टाकलं.

रिव्हर्स नाही. फक्त पुढे. टीप संपवताना कापड फिरवून चार टाके उलटे घ्यायचे किंवा दोरे खाली ओढून गाठ मारायची. झिगझॅग नाही, म्हणजे ताणणारं कापड, टी-शर्ट वगैरे विसरा. सुई मात्र आजच्या घरगुती मशीनचीच चालते, पंधरा बाय एक, कुठेही मिळते, हा फार मोठा दिलासा आहे कारण याच्याही आधीच्या काही मॉडेलना वेगळी सुई लागते आणि ती शोधत बसावं लागतं. घेण्याआधी हे नक्की विचारा.

डिसेंबरमध्ये मशीन टाके सोडायला लागलं. दोरा बदलला, शटलचा बारीक स्क्रू फिरवला (त्याने खालच्या दोऱ्याचा ताण बदलतो, तो पाव फेऱ्यापेक्षा जास्त कधीच फिरवू नका), खालून दोऱ्याचं जाळं व्हायला लागलं. मी वैतागून फोन केला. अण्णा म्हणाले, "सुई बदल आधी, मग मशीनला नाव ठेव." सुई मी उलटी बसवली होती, चपटी बाजू चुकीच्या बाजूला. नीट बसवली, स्क्रू होता तिथे आणला, पहिल्या फेऱ्याला टीप सरळ. दुसरा त्रास ऑनलाइन मागवलेल्या लांब बॉबिनचा, दहाच्या पाकिटातल्या चार चकत्या वाकड्या होत्या आणि शटलमध्ये अडकायच्या. मशीनबरोबर आलेल्या जुन्या तीन बॉबिन अजून सगळ्यात चांगल्या. बॉबिन भरताना दोरा सारखा पसरायला एक बदामाच्या आकाराचा कॅम आहे, तो दोऱ्याच्या दांडीला डावी-उजवीकडे हलवत राहतो, इतकं छान काम करतो की मी कधी कधी गरज नसताना बॉबिन भरतो.

जानेवारीतल्या वादळात आमच्याकडे पावणेदोन दिवस वीज नव्हती. मेणबत्तीच्या उजेडात मी मुलीच्या दुपट्याची किनार शिवली. हातमशीनला वीज लागत नाही हे माहीत होतंच, पण गाव अंधारात असताना आपलं काम चालू आहे हा अनुभव वेगळाच होता.

गोधडीबद्दल वेगळं सांगतो, कारण माझ्यासाठी हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. आईच्या सहा सुती साड्या होत्या माझ्याकडे. मला वाटलं होतं सगळी गोधडी मशीनवर होईल. नाही झाली. २८ हे २७ पेक्षा लहान, साधारण पाऊण आकाराचं, त्यामुळे सुई आणि उजव्या खांबाच्या मधे जागा कमी, गोधडीची गुंडाळी तिथून जात नाही. शिवाय चार-पाच पदर एकत्र घेतले की खालचे दाते खालचा पदर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो, सुरकुत्या पडतात. दोन संध्याकाळी शिवलेलं सगळं उसवलं. शेवटी ठिगळं जोडायचं काम मशीनवर केलं, पाच आठवड्यांत संपलं, आणि धावदोरा हाताने घालतोय, जसा आजी घालायची तसाच कडेकडेने आत. अर्धी झालीये. साड्यांच्या जुन्या मऊ कापडावर मशीनची बारीक टीप इतकी सुंदर बसते की त्या जोडांकडे बघून अण्णांनी पहिल्यांदा "चांगलं झालंय" म्हटलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची शिलाई तपासलेल्या माणसाचं ते वाक्य आहे, मला ते पुरलं.

जीन्सचं विचारतात म्हणून, चार पदरापर्यंत जाते, सोळा नंबरची सुई लावून, जाड शिवणीवर हँडल सोडून चाक हाताने फिरवत. रोज जीन्सच शिवायची असेल तर हे मशीन घेऊ नका.

देखभाल फार नाही. रोज वापरलं तर आठवड्यातून एकदा तेल, शटलच्या खोबणीतली कापसाची धूळ ब्रशने काढायची, एक स्क्रू ड्रायव्हर. खाली बघितलं की प्रत्येक दांडा कुठून हलतो आणि कुठे जातो हे डोळ्यांना दिसतं, झाकलेलं काहीच नाही, सव्वाशे वर्षांनंतर मिरजेतला टेलर फोनवर बघून ग्लासगोतलं मशीन दुरुस्त करू शकतो ते यामुळेच. गांधीजींनी यंत्रांबद्दल इतकं कडक लिहून सुद्धा शिलाई मशीनला अपवाद मानलं होतं, ते मला आता जास्त पटतं.

लाकडी पेटीचं एक. पॉलिश अजून टिकून आहे. किलबोवीच्या कारखान्यात पॉलिशचं काम बायका करायच्या, १९११ च्या मार्चमध्ये कामाची वाटणी बदलून बोजा वाढवला म्हणून त्यातल्या बारा जणींनी काम थांबवलं आणि बघता बघता ११ हजाराच्या आसपास कामगार संपावर गेले. माझी पेटी त्याच्या आधीची आहे, पण झाकण पुसताना दर वेळी आठवतं की हे कुणीतरी हाताने घासून चकचकीत केलंय.

घ्यायचं असेल तर दुकानात एवढं बघा: शटल आत आहे का (नसेल तर वेगळं मिळतं पण पैसे जातात), सरकत्या पट्ट्या दोन्ही आहेत का, हँडलचा गियर तुटका नाही ना, खाली गंज किती. चाक जाम असेल तर घाबरू नका, उलट त्यावर भाव पाडून मागा. ५० पाउंडाच्या वर मी तरी देणार नाही, ही मशीनं लाखांनी बनली आहेत, दुर्मिळ म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अण्णा ऑगस्टमध्ये येतायत, पहिल्यांदाच. मी बॉबिन भरून ठेवल्यात, आणि शटलचा स्क्रू त्यांच्या हातानेच एकदा बसवून घेणार आहे, कारण जाड दोऱ्यावर खालचं टेन्शन अजून मला हवं तसं लागलेलं नाही.