नगर वाचन मंदिर की विश्रामबागवाडा?

पुण्यातल्या ग्रंथालयाचा इतिहास बघायला एकच दुपार हाताशी असेल, तर नगर वाचन मंदिर की विश्रामबागवाड्यातलं शासकीय ग्रंथालय? दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

वास्तू पाहायची तर वाडाच. दुसऱ्या बाजीरावाने बांधून घेतलेला, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. सागवानी सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब, वर पुढे आलेला कोरीव सज्जा. 1821 मध्ये इथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. 1879 च्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला आणि पुन्हा उभारला गेला. पण हे घर पेशव्यासाठी बांधलेलं, पुस्तकं मागाहून आली.

नगर वाचन मंदिर मात्र वाचकांसाठीच जन्मलं, 1848 मध्ये, लोकहितवादींच्या पुढाकाराने, ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने. त्याच वर्षी बुधवार पेठेतल्याच भिडेवाड्यात फुले दांपत्याची मुलींची शाळा सुरू झाली, हे आठवलं की मला लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतही थांबावंसं वाटतं. 1961 च्या पानशेतच्या पुरातून सावरलेल्या या शहरात ते आजही टिकून आहे. कोरीवकाम इथे शोधू नका.

माझं मत वाचन मंदिराला. खांब पाहून झाल्यावर वाड्यातून बाहेर पडता येतं, इथे मात्र सभासद व्हावंसं वाटतं.