अभिरूप संसद की ग्रामसभा?

गोव्यातल्या शाळांत नागरिकशास्त्र जिवंत करायचं म्हटलं की आधी अभिरूप संसद, म्हणजे मुलांनीच खासदार-मंत्री होऊन भरवलेली लुटुपुटूची संसद, आठवते. मुलं सभागृहाचे नियम शिकतात, चारचौघांत बोलायची भीड चेपते. लाजऱ्या मुलांसाठी हे फार मोलाचं. पण अनेकदा भाषणं शिक्षकांनीच लिहून दिलेली असतात, आणि निकालाने कुणाचंच काही अडत नाही.

ग्रामसभेत अडतं. १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यानुसार ती जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी भरते. शेत बुजवून होणारं बांधकाम, कचरा, नळाचं पाणी... आवाज चढतात, हो. पण सरपंचांना सर्वांसमोर उत्तर द्यावं लागतं, ठराव लिहिला जातो. नववी-दहावीच्या मुलांना तिथे मत नाही, म्हणून पंचायतीला विचारून त्यांना मागे बसवावं. पुढच्या सभेला जुन्या ठरावाचं काय झालं, ते मुलांनीच शोधावं. मला हे शोधणंच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

दोहोंपैकी एकाच उपक्रमासाठी वेळ असेल तर मी ग्रामसभा निवडेन. पणजी-मडगावसारख्या शहरांत ग्रामसभा नसते. तिथे अभिरूप संसदच घ्यावी, पण विषय १९६७ च्या जनमत कौलाचा द्यावा: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा? विलीनीकरणाच्या दोन्ही बाजूंचे मुद्दे घरातल्या आजी-आजोबांकडून गोळा करता येतील.